मोळी, कुऱ्हाड आणि कटर

नाशिकहून पेठ, हरसूल किंवा त्र्यंबकेश्वरच्या दिशेने सकाळी निघालेल्या प्रवाशाला एक दृश्य हमखास दिसते. डांबरी रस्त्याच्या कडेने, एकामागे एक, डोक्यावर लाकडांच्या मोळ्या घेतलेल्या चार-पाच बायका झपझप चालत असतात. मान ताठ, एक हात मोळीला, नजर समोर. गाडीतून ते दृश्य मोठे चित्रमय वाटते आणि पुष्कळांनी त्याची छायाचित्रेही काढलेली असतात. पण त्या मोळीचे वजन वीस ते तीस किलो असते, ती जमवायला अर्धा दिवस गेलेला असतो आणि घरी पोहोचल्यावर जेमतेम दोन-तीन दिवसांच्या स्वयंपाकाची सोय झालेली असते, हे छायाचित्रात येत नाही.

अलीकडे याच रस्त्यांवर आणखी एक गोष्ट कानावर पडते. दरीच्या पलीकडून, बांधावरून किंवा एखाद्या मळ्यातून मोटारसायकल रेटल्यासारखा कर्कश आवाज येतो, क्षणभर थांबतो, पुन्हा चढतो. तो कटरचा आवाज. इंग्रजीत ज्याला चेन सॉ म्हणतात आणि सरकारी कागदात ज्याचा उल्लेख यांत्रिक करवत असा होतो, त्या यंत्राला खेड्यात कटर किंवा कटर मशीन एवढेच नाव आहे. मोळी आणि कटर ही सरपणाच्या एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. या दोन टोकांमध्ये काय घडते आहे, हे शहरातल्या वाचकाने समजून घ्यायला हवे, कारण त्या लाकडाचा बराचसा वाटा शेवटी शहराकडेच येतो.

सरपण म्हणजे नुसते लाकूड नव्हे

सरपण वेचणे हे अडाणी काम आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत, कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर समाजाच्या बायका कोणते लाकूड घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे नजरेने सांगतात. धावडा आणि खैर जड, दीर्घकाळ जळणारे, निखारा धरणारे. पांगारा आणि सावर पोकळ लाकडाचे. भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. भाकरीला स्थिर निखारा हवा, पाणी तापवायला मोठा जाळ हवा. म्हणजे एका चुलीलासुद्धा दोन-तीन प्रकारचे जळण लागते, आणि वर पेटवणासाठी काटक्या, पाचोळा, गोवरीचा तुकडा वेगळाच.

हत्यारे साधी असतात. एक कोयता, एक दोर, डोक्यावर कापडाची चुंबळ आणि उंचावरची वाळकी फांदी ओढायला बांबूच्या टोकाला बांधलेली आकडी. खरी मेहनत तोडण्यात नसते, ती शोधण्यात आणि वाहण्यात असते. गावाजवळचे जंगल वेचून संपले की पुढचे पाऊल लांब पडते. म्हणूनच सरपणाचे संकट मोजायचे असेल तर झाडांची संख्या मोजून भागत नाही. बाई किती दूर जाते, हे मोजावे लागते.

पूर्वेकडचा नाशिक जिल्हा निराळा आहे. सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड या कमी पावसाच्या भागांत घनदाट जंगल नाहीच. तेथे बांधावरची बाभूळ, ओढ्याकाठची करंजी, पडीक जमिनीवरची वेडी बाभूळ आणि शेतातली पऱ्हाटी-तुराटी हेच जळण. यांतली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हिंदुस्थानात आणली गेली आणि जेथे दुसरे काही उगवत नाही तेथे पसरली. तिच्यामुळे चराऊ कुरणे गेली, विहिरींचे पाणी आटले, अशा तक्रारी अनेक भागांत होतात आणि त्या अगदीच निराधार नाहीत. पण दुष्काळी गावातल्या चुलींनी या झाडाचे उपकार मोठे मानले पाहिजेत. तोडावे तितके पुन्हा फुटणारे, लाकूड जड आणि जाळ कडक. काटे मात्र असे की टायरही सोडत नाहीत.

सुबाभळीची कथाही याच वळणाची. १९७२च्या दुष्काळानंतरच्या काळात मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचनच्या ‘बायफ’ संस्थेने चारा आणि जळण यांसाठी या झाडाचा हिरिरीने प्रसार केला. पुढे तिच्यावर कीड आली, ती आक्रमक म्हणून तिच्यावर टीकाही झाली. तरी महाराष्ट्रातल्या असंख्य बांधांवर, शाळांच्या आवारांत आणि कालव्यांच्या कडेला ती टिकून आहे. आज कटरखाली सर्वाधिक जी झाडे येतात त्यांत सुबाभूळ अग्रक्रमाने असावी.

ओले लाकूड आणि वाया जाणारा जाळ

येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे लाकूड चुलीत घातले की त्याची बरीच उष्णता आधी ते पाणी तापवून वाफ करण्यात खर्च होते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सहाशे किलोकॅलरींहून अधिक उष्णता लागते. उरलेला जाळ मंद होतो, ज्वलन अपुरे राहते, आणि न जळलेले वायू व कण धूर होऊन घरभर पसरतात. ओल्या लाकडाने डोळे चुरचुरतात ते केवळ वास उग्र असतो म्हणून नव्हे. तो धूर म्हणजे वाया गेलेले इंधन असते आणि ते स्वयंपाक करणारीच्या छातीत जाते.

म्हणून सरपण वाळवावे लागते. पाणी लाकडाच्या कापलेल्या तोंडातून लवकर बाहेर पडते. साल मात्र ते अडवून धरते. ओंडका आखूड कापला आणि मधून फोडला की तो काही आठवड्यांत वाळू लागतो. अखंड खोड वर्षभर पडून राहिले तरी आतून ओलेच राहते. चैत्र-वैशाखात लाकूडफाटा फोडून पडवीत किंवा वळचणीला रचून ठेवण्याची आपली जुनी रीत या हिशेबावर उभी आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात आषाढ-श्रावणात वाळके लाकूड मिळणे अशक्यच. तेथे पावसाळ्याची बेगमी झाली नाही तर घरात धान्य असून भाकरी कच्ची राहते.

आणि हे फोडण्याचे काम कटर करीत नाही. कटर आडवे कापतो. उभे फोडायला आजही कुऱ्हाड, पाचर आणि घण लागतो, आणि गाठीचा ओंडका आला की घरातल्या दणकट गड्यालाही घाम फुटतो.

यंत्राची करवत

कटरचा शोध सरपणासाठी लागला नाही. जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी करवत बनवली. पण तिचे दात लवकर बोथट होत. या यंत्राला आजचे रूप आले ते अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातील जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यामुळे. १९४६ मध्ये एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी त्याने पाहिली. ती सरळ कुरतडत नव्हती. जबड्याच्या दोन कडा डावीकडे-उजवीकडे फिरवीत, लाकडाच्या रेषेला दाद न देता पुढे सरकत होती. कॉक्सने साखळीचे दात त्याच धर्तीवर, आळीपाळीने डावे-उजवे आणि वाकड्या कडेचे बनवले. जगभरच्या कटरांच्या साखळ्या आजही मुख्यतः याच तत्त्वावर चालतात. जंगल पोखरणाऱ्या किड्याकडून माणसाने जंगल कापण्याची युक्ती उचलावी, हा योगायोग विलक्षण खरा.

यंत्र आतून साधे आहे. मोपेडसारखे छोटे टू-स्ट्रोक इंजिन, त्यापुढे लांबट पोलादी पट्टी आणि तिच्या कडेने सेकंदाला अनेक मीटर वेगाने पळणारी दातेरी साखळी. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसते. ऑइल पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात मिसळावे लागते. ते विसरले तर पिस्टन काही मिनिटांत जाम होतो. साखळीसाठीचे तेल निराळे. साखळी सैल असेल तर निसटते, जास्त घट्ट असेल तर पट्टी तापते. दात बोथट झाले की भुशाऐवजी पीठ पडू लागते. ती कानशीने धार लावण्याची खूण.

पूर्वी हे यंत्र वनखात्याकडे, अग्निशमन दलाकडे आणि मोठ्या ठेकेदारांकडेच असे. गेल्या काही वर्षांत परदेशी बनावटीचे स्वस्त कटर बाजारात आले. पाच-सात हजारांपासून ते मिळू लागले आणि चित्र पालटले. आता बहुतेक मोठ्या गावांत एखादा तरी कटरवाला असतो. वादळात रस्त्यावर झाड पडले तर प्रथम त्यालाच फोन जातो. तो तासावर किंवा उक्त्या दराने काम करतो. दोन गडी कुऱ्हाडीने दिवसभर झटले असते ते झाड तो तासाभरात आडवे करून तुकडे करतो. मजुरी महाग आणि मजूर दुर्मीळ झालेल्या काळात शेतकऱ्याला हे सोयीचेच आहे आणि त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

तथापि एक बारीक, पण मोठा फरक पडला. कुऱ्हाडीला श्रमाची मर्यादा होती. जाडजूड बुंधा तोडणे इतके कष्टाचे होते की सरपणासाठी माणूस फांद्याच छाटी, मूळ झाड राही. कटरला बुंधा आणि फांदी सारखेच. चुलीला बुंधा लागत नाही. दीड-दोन फुटी फाटी लागतात. बुंधा लागतो तो बाजाराला. वीटभट्ट्या, हॉटेलांच्या भट्ट्या, मालेगावच्या सायझिंग कारखान्यांचे बॉयलर, वखारी आणि स्मशाने ही त्याची गिऱ्हाइके. एका पारंपरिक दहनाला सर्वसाधारणपणे तीनशे किलोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक लाकूड लागते, हे शहरी वाचकाने सहज मनात करून पाहावे. व्यापारी बांधावरचे उभे झाड नजरेने जोखतो, एकरकमी सौदा करतो आणि कटर, ट्रॅक्टर, माणसे घेऊन येतो. शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम पडते. घरातल्या बाईच्या वाट्याला उरलेला पाला आणि बारीक फांद्या येतात. त्या वर्षी ते पुष्कळ वाटते. पुढच्या वर्षी त्या बांधावर वेचायला काही नसते.

यंत्र पुरुषांच्या हाती आले आणि वाहणे बायकांच्या डोक्यावरच राहिले, असे यंत्रांच्या बाबतीत आपल्याकडे अनेकदा झाले आहे. कटरही त्याला अपवाद ठरला नाही.

उलटा धक्का

या यंत्राचे धोके मात्र त्याच्या किमतीच्या वेगाने लोकांपर्यंत पोहोचले नाहीत. सर्वांत मोठा धोका पट्टीच्या टोकाचा. टोकाचा वरचा भाग चुकून दुसऱ्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला की साखळी क्षणभर अडते आणि तिची सारी शक्ती पट्टीला वर आणि मागे, थेट चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे व मानेकडे फेकते. हे इतक्या झटक्यात होते की हात आवरता येत नाही. यासाठीच पुढच्या दांड्यासमोर हाताचे कवच आणि साखळी थांबवणारा ब्रेक असतो. स्वस्त यंत्रांत तो असतो, पण तो चालतो की नाही हे पाहण्याची सवय नसते. काही वेळा अडचण वाटते म्हणून काढूनही टाकतात.

दुसरा धोका झाडाचा. झाड ज्या बाजूला पाडायचे तिकडे आधी व्यासाच्या सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी खाच घ्यायची, मग विरुद्ध बाजूने कापत यायचे आणि मधे सुमारे दहाव्या हिश्श्याची लाकडाची पट्टी बिजागरीसारखी शिल्लक ठेवायची. ती बिजागरी झाडाला दिशा देते. पूर्ण आरपार कापले तर झाड कोणत्या बाजूला जाईल हे झाडालाच ठाऊक. वाऱ्याने पडलेले, अर्धे उन्मळलेले किंवा दुसऱ्या झाडात अडकलेले झाड सर्वांत वाईट, कारण त्याच्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. पावसाळ्यात पडझड आवरताना होणाऱ्या अपघातांचे हे मोठे कारण आहे.

जे देश या यंत्राचा जुना वापर करतात तेथे शिरस्त्राण, चेहऱ्याची जाळी, कानाचे आवरण आणि खास विजार वापरतात. त्या विजारीतले लांब धागे साखळीत गुंतून ती जागीच थांबते. आपल्याकडे हे काम चपला घालून आणि लुंगी खोचून केले जाते. कटरसोबत शिकवणारा येत नाही. शिकवणी मोबाइलवरच्या व्हिडिओची किंवा शेजारच्याची. ऊसतोड, बांधकाम यांतल्या अपघातांची निदान चर्चा तरी होते. कटरवाला कोणत्याच नोंदीत नसतो; तो ना वनमजूर, ना कारागीर.

कायदा काय म्हणतो

सरपणाचा कायदा गुंतागुंतीचा आहे, आणि त्यातली गुंतागुंत जुनी आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात परवानगीवाचून झाड तोडणे, छाटणे, वनोपज हलवणे हे गुन्हे ठरवले. वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे, गाड्या, जनावरे जप्त करण्याची तरतूद त्यात आहे. म्हणून कोयताही जप्त होऊ शकतो आणि कटरही. शेतजमिनीवरील झाडांसाठी महाराष्ट्राचा १९६४चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, ऐन, अंजन, जांभूळ अशी झाडे येतात. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. शहरांसाठी १९७५चा निराळा कायदा, ज्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला.

मधल्या काळात दोन गोष्टींनी चित्र बदलले. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर आरागिरण्यांवर देशभर कडक निर्बंध आले. आरागिरणी एका जागी असते, तिचा परवाना असतो, तिचे दप्तर तपासता येते. कटर मात्र पोत्यात घालून मोटारसायकलवरून जातो. जो कायदा गिरणीच्या दाराशी उभा राहिला, त्याला न कळवता गिरणीचे निम्मे काम जंगलात गेले. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या पेठ, सुरगाणा आणि हरसूलच्या पट्ट्यात सागाच्या आणि काताच्या खैराच्या चोरट्या तोडीच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. रात्रीच्या वेळी कुऱ्हाडीचा ठोका दूरवर ऐकू जाई आणि बराच वेळ चाले. कटरचा आवाज मोठा असला तरी काही मिनिटांत संपतो. राखणदार पोहोचेपर्यंत खुंटच उरतो.

दुसरी गोष्ट २००६चा वनहक्क कायदा. त्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे तिच्यात बांबू, मध, तेंदूपाने यांच्याबरोबर झुडपी लाकूड आणि खुंट यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पिढ्यान्‌पिढ्या ते गोळा करीत आलेल्यांचा त्यावरील हक्क कायद्याने मान्य केला. म्हणजे मोळी ही चोरी नव्हे. व्यापारी इमारती लाकूड मात्र त्या व्याख्येबाहेर आहे. हा कायदा कागदावर आला तरी दाव्यांचा निपटारा रखडला, आणि मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या हजारो शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणच्या आदिवासींची संख्या मोठी होती ती याच कारणाने. त्यांच्या मागण्यांत वनजमिनीचे हक्क अग्रभागी होते.

व्यवहारात एक जुनी पळवाट आहे आणि तीही सांगितली पाहिजे. वाळके लाकूड नेता येते, हिरवे नाही, असा नियम झाला की हिरव्याचे वाळके केले जाते. बुंध्याभोवतीची साल कड्यासारखी सोलली की पानांत तयार होणारे अन्न मुळांपर्यंत जात नाही, आणि झाड उभ्या जागी सुकते. एखाद-दोन वर्षांनी ते रीतसर वाळके असते. उलट ज्यांना जंगल टिकवायचे असते ते छाटणी करतात. सागाचे झाड जमिनीलगत, साल न फाटू देता कापले, तर खुंटाला पुन्हा जोमदार फुटवे येतात. हत्यारापेक्षा कापणारा महत्त्वाचा. नीट वापरलेला कटर बोथट कुऱ्हाडीपेक्षा खुंटाला कमी इजा करतो.

मृत लाकूडही जंगलाला निरुपयोगी नसते, ही गोष्ट सरपणाच्या बाजूने बोलताना आपण विसरतो. सुतारपक्षी, धनेश, घुबडे, भुंगेरे, बुरशी यांचे संसार वठलेल्या झाडांवर चालतात. नाशिकजवळच्या बोरगडला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी आसपासच्या गावांच्या सरपणाचा प्रश्न सोडवल्याशिवाय राखण टिकत नाही, हे उघड आहे.

गॅस असताना चूल का?

शहरात हमखास विचारला जाणारा प्रश्न हा. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच राज्यात, औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. जोडण्या खरोखर घरोघर पोहोचल्या. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर मुख्यतः स्वयंपाक करणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्केच निघाली, ग्रामीण भागात तर निम्म्याहून कमी. उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांनी भरून घेतलेली सिलिंडरे सरासरीने २०१९-२० मध्ये वर्षाला तीनच्या आसपास होती. २०२४-२५ पर्यंत ती साडेचारच्या जवळ आली. चार-पाच माणसांचे घर फक्त गॅसवर चालवायचे तर आठ-नऊ तरी लागतात.

आता हिशेब करून पाहू. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये, किलोला ११ हजार किलोकॅलरी धरून, साधारण १ लाख ५६ हजार किलोकॅलरी असतात. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर भांड्यापर्यंत सुमारे ९४ हजार पोहोचतात. वाळक्या लाकडात किलोला चार हजार किलोकॅलरी, पण तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता जेमतेम १०-१५ टक्के. म्हणजे किलोमागे सुमारे ४८० कामी येतात. याचा अर्थ एका सिलिंडरची बरोबरी करायला १९५ किलो, म्हणजे २५ किलोच्या सुमारे आठ मोळ्या लागतात. आठ मोळ्या म्हणजे आठ अर्धे दिवस.

२०२५ मध्ये सिलिंडरचा भाव साडेआठशेच्या आसपास होता आणि उज्ज्वलाचे ३०० रुपये अनुदान वजा जाता साडेपाचशेच्या आसपास पडे. आठ मोळ्यांनी भागले तर एका मोळीची किंमत ७० रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, अर्ध्या दिवसाचे दीडशेच्या वर. म्हणजे हिशेबाने लाकूड महाग आहे! पण हा हिशेब त्या बाईच्या घरात लागू होत नाही, कारण रोज काम मिळत नाही. श्रम तिच्याजवळ आहेत, रोख साडेपाचशे एकदम नाहीत. गॅस पाहुणे आले तर, सकाळचा चहा, आजारपण, मुसळधार पाऊस यांसाठी राखून ठेवला जातो. आपण घरात इन्व्हर्टर ठेवतो तसा.

याची किंमत धुरात मोजावी लागते. घरातल्या धुराने २०२० साली जगभरात ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. निर्धूर चुलींची सरकारी मोहीम १९८०च्या दशकात सुरू झाली आणि २००२ मध्ये गुंडाळली गेली. त्यातल्या पुष्कळ चुली दुरुस्तीअभावी पडून राहिल्या. धुराडे साफ करायला कोणी नव्हते, आणि आंघोळीच्या पाण्याचा मोठा हंडा त्यांच्या तोंडावर बसत नव्हता.

द्राक्षांच्या काड्या

नाशिकपुरते बोलायचे तर सरपणाचा एक स्रोत असा आहे जो इतरत्र क्वचितच इतक्या मोठ्या प्रमाणावर सापडेल. निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या द्राक्षबागांची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. खरड छाटणीत वेलीच्या जवळपास सगळ्या काड्या उतरवतात. या कामांसाठी पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात, बांधावर किंवा शेडमध्ये राहतात आणि त्याच काड्यांवर स्वयंपाक करतात. उन्हाळ्यात चार दिवसांत खडखडीत वाळणारे, बोटभर जाडीचे, कापायला न लागणारे हे जळण पूर्वी आसपासच्या वस्त्याही गाडीभरून नेत. मात्र या काड्यांवर हंगामभर मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण आणि अन्य औषधे फवारलेली असतात, हे विसरता येत नाही. बंद खोलीत त्यांचा धूर घेणे शहाणपणाचे नव्हे.

आता ट्रॅक्टरवर चालणारे कुट्टी यंत्र आले आहे. बागायतदार काड्यांचा भुगा करून वेलींच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरतात. जमिनीतला ओलावा टिकतो, सेंद्रिय कर्ब वाढतो, जाळून होणारा धूर टळतो. शेतीशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तमच आहे. फक्त शेडमधल्या चुलीचे जळण गेले, आणि त्याची नोंद कोणत्याही शिफारशीत नाही. दुसरीकडे, अवकाळी पाऊस आणि पडलेल्या भावांनी खचलेले शेतकरी बागाच काढून टाकतात तेव्हा तेथे कटर येतो. मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल भंगारात जातात आणि मनगटाएवढे जुने खुंट ट्रॅक्टरमध्ये पडतात. ते लाकूड चांगले जळते. काही वर्षे जोपासलेल्या बागेचा तो ढीग पाहणे मात्र सोपे नसते.

शहराचा ओंडका

२०२५च्या नोव्हेंबरात येत्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभारताना सतराशे-अठराशे झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. ते योग्यच होते. परंतु याच शहरात दर पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटल्या जातात, वादळात गुलमोहर आणि रेन ट्री उन्मळतात, आणि कटर लावून त्यांचे तुकडे होतात. ते लाकूड कुठे जाते, कोण नेते, ते वाळवून कोणाच्या उपयोगी पडते, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. स्मशानासाठी किंवा गरजू वस्त्यांसाठी ते रीतसर फोडून, वाळवून ठेवायचे म्हटले तर त्याला जागा, पत्र्याचे छप्पर आणि एक माणूस लागेल, याहून अधिक काही नाही.

पेठच्या रस्त्यावरच्या त्या बायका बहुधा दुपारी बारापर्यंत घरी पोहोचतात. मोळी अंगणात टाकली की चुंबळ झटकून दारामागे खुंटीला लावतात, मानेवर हात फिरवतात आणि वाळके वेगळे, ओले वेगळे करायला बसतात. ओले मागच्या वळचणीला जाते. पाऊस लांबला तर त्यांतले बरेचसे ज्येष्ठ अखेरीस वाळून जळण्याजोगे झालेले असते.